एका नोंदीवरून माणसाचे खाते बंद करू नका

माणूस पारखण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असे प्रत्येक व्यापाऱ्याला वाटते. गिऱ्हाईक पायरी चढताच ते घेणारे आहे की नुसते तागे उलगडायला लावणारे, हे आपण ओळखतो म्हणे. किती वेळा चुकतो, याची वही मात्र कोणी ठेवत नाही. कारखान्यातले उस्ताद नव्या कारागिराच्या कात्री धरण्यावरून त्याचे काम सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. परंतु हात पाहून काम सांगणे वेगळे आणि एखादा प्रसंग पाहून माणसाचा स्वभाव सांगणे वेगळे. पहिल्यात आपण पटाईत आहोत. दुसऱ्यात आपण फसतो आणि फसलो हे कळतही नाही. कारण ज्याला काढून टाकले तो पुढे कसा निघाला, हे पाहायला आपण जात नाही.

मला ते पाहावे लागले. माझे कापडाचे दुकान आहे. २०१४ साली दुकानात एकोणीस वर्षांचा एक मुलगा कामाला होता. त्याला लागून तीन महिने झाले होते. एका रात्री रोजमेळात पाचशे रुपये कमी आले. दुपारी मी जेवायला गेलो तेव्हा गल्ल्याजवळ तोच होता. विचारले तर तो अडखळला, नजर खाली गेली. झाले! ‘याची नजरच सांगते’ असे मी भावाला म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी मुलाचा हिशेब चुकता केला. वर्षअखेर खतावणी उतरवताना एका बिल्टीच्या मागे माझ्याच अक्षरात ‘हमाली व टेम्पो ५००’ असे लिहिलेले सापडले. पैसे मीच गल्ल्यातून दिले होते आणि रोजकीर्दीत चढवायचे विसरलो होतो. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. वडिलांनी चहा पाजला. मुलगा बाहेर आला नाही. आता त्याची स्वतःची हातगाडी आहे. रस्त्यात भेटला की सलाम करतो, थांबत नाही.

त्या तीन महिन्यांत सत्तरपेक्षा जास्त दिवस त्याच्या हाताखालून गल्ला गेला होता आणि रोज बरोबर उतरला होता. ही नोंद माझ्याच वहीत होती. मी एका दिवसाची पाहिली, बाकीची पाहिली नाही.

त्यानंतर माणसाचा स्वभाव मोजण्याचे जे शास्त्र आहे, त्याविषयी मिळेल ते वाचायची सवय लागली. आज त्याबद्दल लिहिण्याचे कारण असे की हे शास्त्र आता आपल्या दारापर्यंत आले आहे. मोठ्या कंपनीत किंवा मॉलमध्ये नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांपुढे मोबाइलवर साठ-सत्तर प्रश्नांची स्वभावचाचणी ठेवली जाते. लहान दुकानदारांनाही ‘तुमचा नोकर इमानदार आहे का, दहा मिनिटांत सांगतो’ म्हणणारे भेटू लागले आहेत. म्हणून या मालाची जात कोणती आणि वजन किती, हे आधी पाहून घेतलेले बरे.

मानसशास्त्रात याला गुणविशेषांचा दृष्टिकोन म्हणतात. त्याचे म्हणणे असे की माणसे तापट आणि थंड, बोलकी आणि अबोल अशा दोन पेट्यांत बसत नाहीत. उंची जशी कोणाची पाच फूट दोन इंच, कोणाची पाच फूट सात, तशीच बोलकेपणाची किंवा काटेकोरपणाची मात्रा प्रत्येकात कमीजास्त असते, आणि बहुतेक माणसे मधल्या मापाची असतात. गुणविशेष म्हणजे माणसाचा पुन्हा पुन्हा दिसणारा कल. ‘तुम्ही अमुक रंगाचे’ किंवा ‘तुम्ही अमुक चार अक्षरांचे’ असे सांगणाऱ्या चाचण्या माणसाला पेटीत घालतात. त्या या शास्त्राच्या घरातल्या नव्हेत, जरी त्याच नावाने विकल्या जात असल्या तरी.

सुरुवात शब्दांपासून झाली. १८८४ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी शब्दसंग्रहाची पाने चाळून स्वभाव सांगणारे हजारभर शब्द असावेत असा अंदाज केला. कल्पना सोपी होती. ज्या गोष्टीशी माणसांचा रोज संबंध येतो, तिच्यासाठी भाषेत शब्द तयार होतोच. आपल्याकडे पाहा ना : दिलदार, चिकट, बेरकी, कांगावखोर, सरळमार्गी, तऱ्हेवाईक. बाजारात बसणाऱ्याला असे पन्नास शब्द तोंडपाठ असतात. पुढे १९३६ मध्ये अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजीचा थोरला शब्दकोश खालीवर केला आणि १७,९५३ शब्द वेगळे काढले. त्यांतले साडेचार हजारांच्या आसपास शब्द टिकाऊ स्वभावाचे निघाले. एवढी भांडी मांडून ठेवायला फळी कुठून आणायची? मग आकडेशास्त्राच्या मदतीने, जे शब्द एकाच माणसाबद्दल एकत्र वापरले जातात त्यांचे गठ्ठे बांधणे सुरू झाले. रेमंड कॅटेल यांनी सोळा गठ्ठे केले. लंडनमध्ये हान्स आयझेंक यांनी आधी दोन, नंतर तीन. १९६१ मध्ये अमेरिकन हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि ख्रिस्तल यांना पाच सापडले. १९८० नंतर या पाचांवरच बहुतेकांचे एकमत झाले : नावीन्याची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मिळतेजुळते घेणे आणि मनाची अस्थिरता.

या पाचांत ‘इमानदारी’ नावाचा गठ्ठा नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. दहा मिनिटांत ती सांगणाऱ्याला हा प्रश्न अवश्य विचारावा.

इमानदारीची गोष्ट निघालीच आहे तर १९२८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास प्रत्येक मालकाने ऐकण्यासारखा आहे. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोघांनी हजारो शाळकरी मुलांना फसवण्याच्या संधी दिल्या. कुठे उत्तरे बदलता येत होती, कुठे खेळात खोटे गुण मांडता येत होते, कुठे सुटी नाणी स्वतःकडे ठेवून घेता येत होती. कोणी पाहत नाही असे मुलांना वाटत होते. प्रत्यक्षात सगळे मोजले जात होते. अपेक्षा अशी की काही मुले सगळीकडे खरी निघतील आणि काही सगळीकडे खोटी. तसे झाले नाही. परीक्षेत नक्कल करणारा मुलगा पैशाला हात लावीलच असे नव्हते, आणि पैशाला हात न लावणारा खेळात खोटे बोलत होता. एका प्रसंगावरून दुसऱ्याचा अंदाज फार थोडा लागत होता.

हे आपल्या आसपास दिसतच असते. माझ्या ओळखीचे एक कटिंग मास्टर आहेत. टेबलावर सूतभर फरक त्यांना चालत नाही; पण घरचे विजेचे बिल दंड पडल्याशिवाय कधी भरलेले नाही. त्यांना काटेकोर म्हणावे की गबाळे?

१९६८ साली वॉल्टर मिशेल यांनी ‘पर्सनॅलिटी अँड असेसमेंट’ या पुस्तकात हाच प्रश्न साऱ्या शास्त्राला विचारला. स्वभावाच्या चाचणीत मिळालेले गुण आणि एखाद्या प्रसंगातले प्रत्यक्ष वागणे यांचा मेळ शून्य ते एक अशा मापात क्वचितच ०.३० च्या वर जातो, असे त्यांनी दाखवले. व्यापारी भाषेत सांगायचे तर माणसामाणसांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला रुपयामागे नऊ पैशांचाच हिशेब त्या चाचणीतून लागतो. बाकीचे एक्याण्णव पैसे प्रसंग, गरज, सोबत, भीती, मोजमापातली चूक असे कुठेकुठे विखुरलेले असतात. मोठा गदारोळ झाला. स्वभाव नावाची वस्तूच नाही, इथपर्यंत काही जण गेले.

मला सर्वांत पटलेले उत्तर १९७९ साली सेमूर एपस्टाइन यांनी दिले, आणि ते एखाद्या मुनीमजींनीही दिले असते. त्यांनी लोकांच्या वागण्याच्या रोजच्या नोंदी काही आठवडे ठेवल्या. एका दिवसावरून दुसऱ्या दिवसाचा अंदाज बांधला तर तो फसत होता. पण पुष्कळ दिवसांची सरासरी घेऊन दुसऱ्या पुष्कळ दिवसांच्या सरासरीशी ताडून पाहिली, तर अनेक बाबतींत मेळ ०.८० च्या आसपास गेला. म्हणजे स्वभाव आहे. तो एका दिवसात दिसत नाही, इतकेच. एका दिवसाच्या गल्ल्यावरून दुकान चालते की नाही हे आपण ठरवत नाही. पावसाळ्यातला मंगळवार वेगळा आणि ईदच्या आधीचा रविवार वेगळा. वर्षाचा ताळेबंद पाहतो. माणसाच्या बाबतीत मात्र एका मंगळवारावरून त्याला दिवाळखोर ठरवतो.

मग चाचण्या अगदी निरुपयोगी आहेत का? तसेही नाही. १९९१ साली बॅरिक आणि माउंट यांनी ११७ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत व्यवस्थापक होते, पोलीस होते, विक्रेते होते आणि कुशल कारागीरही होते. सगळ्या धंद्यांत कामाशी मेळ खाणारा एकच गुणविशेष निघाला, तो म्हणजे कर्तव्यदक्षता : वेळेवर येणे, हाती घेतलेले पुरे करणे, वस्तू जागच्या जागी ठेवणे. पण मेळ किती? ०.२ च्या आसपास. शंभर उमेदवारांतून या गुणात वरचे पन्नास निवडले, तर त्यांतले साधारण अठ्ठावीस कामातही वरच्या निम्म्यात निघतील. डोळे मिटून पन्नास उचलले असते तर पंचवीस निघाले असते. हजारो माणसे घेणाऱ्या कंपनीला या तीन माणसांच्या फरकात नफा आहे. दोन नोकर ठेवणाऱ्या दुकानदाराने त्यासाठी पैसे मोजावेत का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी मोजणार नाही. शिवाय उत्तरे उमेदवारच देतो. ‘तुम्ही वेळेवर येता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणण्याइतका भोळा मुलगा नोकरी मागायला येत नाही.

विक्रेता बोलकाच हवा, हा आपला आणखी एक पक्का समज. अ‍ॅडम ग्रँट यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतील ३४० फोन-विक्रेत्यांची विक्री तपासली. सर्वांत जास्त माल अबोल माणसांनी विकला नव्हता आणि अति बोलक्यांनीही नाही. मधल्या मापाच्या लोकांनी विकला होता. अति बोलका विक्रेता गिऱ्हाइकाला बोलूच देत नाही. मग त्याला काय हवे ते कळणार कसे?

चाचणीचा निकाल वाचून ‘अगदी खरे लिहिले आहे हो’ असे वाटले म्हणून ती खरी, असे कोणी समजू नये. १९४८ साली बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन लिहून दिले. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग कळले की वर्णन सगळ्यांना एकच दिले होते आणि त्यातला मजकूर फुटपाथवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातला होता. चेहरा पाहून, अक्षर पाहून, तळवा पाहून स्वभाव सांगणाऱ्यांचा धंदा असाच चालतो, आणि धंद्यात मुरलेली माणसेही भागीदारी करण्याआधी त्यांच्याकडे जातात याचे मला आश्चर्य वाटते.

आता जरा कडू गोष्ट. ‘अमुक गावचे विणकर भांडखोर’, ‘तमुक प्रांताचे कामगार पळपुटे’, ‘त्या बिरादरीत उधारी बुडतेच’ अशी वाक्ये आपल्या बाजारात रोज ऐकू येतात. हीच वाक्ये कोणी आपल्या समाजाविषयी बोलला, दुकान भाड्याने देताना किंवा मुलाची मुलाखत घेताना मनात धरून बसला, की आपल्याला राग येतो, आणि तो रास्त आहे. २००५ मध्ये ४९ संस्कृतींतील लोकांना विचारले गेले की तुमच्या देशाचा नमुनेदार माणूस कसा असतो. मग ती चित्रे तिथल्या माणसांच्या मोजलेल्या स्वभावाच्या सरासरीशी ताडून पाहिली. दोन्हींचा मेळ बसला नाही. लोक स्वतःच्याच देशाबद्दलही चुकीचे सांगत होते. गुणविशेष माणसाचा मोजला जातो. जमातीवर लावलेली पाटी हे मोजमाप नव्हे. अशी पाटी सरकारनेच लावली म्हणजे काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींतील मुले जन्मतःच संशयित ठरली. सोलापुरात त्यांची तारेच्या कुंपणातली वसाहत होती. कायदा १९५२ मध्ये गेला. संशय अजून गेलेला नाही, हे त्या वस्त्यांतल्या कोणालाही विचारावे.

पाच गुणविशेषांचा हा साचासुद्धा सगळीकडे बसतोच असे नाही. बोलिव्हियाच्या जंगलात शिकार आणि शेती करून राहणाऱ्या त्सिमाने लोकांपैकी ६३२ प्रौढांना संशोधकांनी हेच प्रश्न विचारले. २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाला. पाच गठ्ठे काही बांधले गेले नाहीत. त्याऐवजी साधारण दोन दिसले : चार माणसांत मिसळून उपयोगी पडणे, आणि कष्टाळूपणा. इंग्रजी शब्दकोशातून निघालेले आणि बहुतांशी शिकलेल्यांवर तपासलेले माप भिवंडीच्या यंत्रमागावर किंवा मिरजेच्या सतारीच्या कारखान्यात जसेच्या तसे लावणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे. कारखान्यात बसणाऱ्या माणसाला ती दोन नावे त्या पाचांपेक्षा जास्त ओळखीची वाटतील.

मालक मंडळी म्हणतील, महिनाभर नोंदी लिहीत बसायचे आणि तोवर माल जायचा, त्याचे काय? प्रश्न योग्य आहे. चोरी सिद्ध झाली तर जे करायचे ते करावे. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात उघड्या गल्ल्याजवळ एकटे ठेवायचे आणि मग त्याची परीक्षा घ्यायची, ही कुठली रीत? वर सांगितलेले एक्याण्णव पैसे बरेचसे आपल्याच हातात आहेत. गल्ला दिवसातून दोनदा मोजला, प्रत्येक खर्चाची चिठ्ठी तिथल्या तिथे लिहिली, मालाचे तागे संध्याकाळी गणले, की स्वभावावर भार कमी पडतो. ही शिस्त मला असती तर माझा टेम्पोचा खर्च त्याच रात्री सापडला असता. कच्चा माझा हिशेब होता, आणि स्वभाव मुलाचा वाईट ठरला.

वयाचाही विचार करावा. ९२ नमुन्यांच्या नोंदी एकत्र करून २००६ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की माणसाची कर्तव्यदक्षता वयाबरोबर वाढते, विशेषतः विसाव्या वर्षापासून चाळिशीपर्यंत. आपले उस्ताद हे न वाचताच जाणून होते. शागीर्दाला चार-पाच वर्षे हाताखाली ठेवायचे ते नुसते टाके शिकवण्यासाठी नव्हे. आता मुलगा आठवड्यात पसंत पडला नाही तर दुसरा येतो. मुलालाही दुसरा मालक मिळतो. त्यामुळे कोणाचीच वही महिन्याच्या पुढे जात नाही.

मी आता एक साधी वही ठेवतो. येण्याची वेळ, माप कापण्यातली चूक, गिऱ्हाइकाची तक्रार किंवा तारीफ, सांगितलेले काम पुरे झाले की नाही, एवढेच. प्रसंग काय होता तेही लिहितो : गर्दी होती का, मुलाच्या घरी कोणी आजारी होते का, मी रागावलो होतो का. भाऊ त्याची वही वेगळी लिहितो आणि आम्ही महिना होईपर्यंत एकमेकांची पाहत नाही. पहिल्या महिन्यात आमच्या नोंदी इतक्या वेगळ्या निघाल्या की मुलाचा स्वभाव राहिला बाजूला, आम्हा दोघांचाच कळला. भावाला उशीर खपत नाही; मला उलट उत्तर खपत नाही.

मागच्या सोमवारी नवा मुलगा ठेवला आहे, वीस वर्षांचा. काल त्याने दोन मीटरऐवजी अडीच मीटर सुटिंग कापले आणि गिऱ्हाइकासमोरच मला सांगितले. दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत. पानावरची ती चौथी ओळ आहे.